पांढऱ्या रेघेच्या अलीकडे

“सरका की पावणं, मागनं माणूस यायलंय!”

नव्वदच्या दशकात तुम्ही कधी भल्या सकाळी रंकाळ्यावरून फुलेवाडीकडे सायकल हाणत निघाला असाल, तर ही आरोळी तुमच्याही पाठीवर आदळलेली असणार. तुम्ही दचकून हँडल डावीकडे घेतलं असणार, आणि शेजारून एक सडपातळ पोरगी, वेणीचा शेपटा पाठीवर आपटत, मान खाली घालून सुसाट निघून गेलेली पाहिली असणार. शर्यतीच्या सायकलीला घंटी नसते, म्हणून ती ओरडायची. खरं तर घंटी असती तरी ती ओरडलीच असती. पण ‘पोरगी यायलीय’ असं तिनं कधी म्हटलं नाही. येणारं ते माणूसच असायचं.

ती शिवाजी पेठेतली. मी शेजारच्या पेठेतली. पण कॉलेज एक आणि सायकलीचं खूळही एक, त्यामुळे आमची जोडी जमली. माझ्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. पहिल्याच दिवशी तिनं माझं नाव ‘चष्मा’ ठेवलं आणि पुढं खऱ्या नावानं हाक मारली नाही. “चष्मा, चल की! भाजी आणाय गेल्यागत काय चालवायलीस?” आमच्याकडच्या मुली ‘मी येते, मी जाते’ असं म्हणत नाहीत, ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती तर त्यातली अस्सल. पुण्याच्या एका शर्यतीत तिथल्या मुलीनं तिला विचारलं, “तू अशी मुलांसारखी का बोलतेस?” ही म्हणाली, “आधी मला गाठ, मग सांगतो.” त्या मुलीला उत्तर काही मिळालं नाही.

तिची सायकल सांगलीच्या एका जुन्या खेळाडूकडून घेतलेली, वापरलेली. सायकल घरी आली तेव्हा तिची आई दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. “अगं, ह्येचं हँडल पार खाली वाकलंय की! घेताना बघून तरी घ्यायचं.” शेजारचे एक गृहस्थ परोपकारी होते. ते हँडल सरळ करून द्यायला पाना घेऊन हजर झाले. ती सायकलीला मिठी मारून बसली म्हणून हँडल वाचलं.

या सगळ्या प्रकारामागं होते ते तिचे थोरले चुलते. सगळी पेठ त्यांना आबा म्हणायची. ते तालमीचे वस्ताद. तिचे वडील होते, पण गरीब स्वभावाचे; घरात शब्द चालायचा तो आबांचा. आबांना मूलबाळ नव्हतं आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले पैलवान एकेक करून नोकऱ्यांना लागले होते. मग त्यांचा सगळा जीव या पुतणीवर जडला. तिनं पहिल्यांदा सायकलपटूंची तोकडी चड्डी घातली तेव्हा पेठेत कुजबुज झाली. आबा संध्याकाळी तालमीच्या दारात उभे राहिले आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमची पोरं लंगोटावर कुस्त्या खेळत्यात तवा कुणाची अब्रू जात न्हाय. पोरीनं चड्डी घातली की जाती व्हय?” कुजबुज थांबली. निदान आबांच्या कानापर्यंत यायची तरी थांबली.

सायकलच्या शर्यतीतलं आबांना काही कळत नव्हतं, पण ते त्यांना कुणी सांगायची सोय नव्हती. त्यांच्या मते तयारी म्हणजे पैलवानाची तयारी. सकाळी दूधवाले म्हशी घेऊन उभे राहतात त्या कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध, फेसासकट. त्यावर बदाम घोटून केलेली थंडाई. जोर आणि बैठका. असं सगळं पोटात घेऊन ती एकदा माझ्याबरोबर निघाली आणि बालिंग्याच्या पुलावर सायकल कठड्याला टेकवून तिनं सगळं नदीच्या हवाली केलं. मी घाबरून विचारलं, “काय झालं गं?” तोंड पुसत ती म्हणाली, “काय न्हाय. म्हस आडवी आली.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कट्ट्यावर तांब्या घेऊन उभी. मी म्हटलं, “नको म्हणून सांग की आबांना.” तर मला म्हणते, “त्यास्नी बरं वाटतंय न्हवं? मग? पोटाचं काय, हुईल सवय.” आणि खरंच झाली. या एका गोष्टीत तिचा सगळा स्वभाव आला असं मला आता वाटतं.

हंगामात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघायच्या. त्या दिसल्या की आमचा सराव बाजूला राहायचा. ती ट्रॉलीच्या शेजारून चालवत एका हातानं ऊस खेचायची, हँडल न हलवता. ड्रायव्हर मागं बघून शिव्या घालायचा. ही त्याला ओरडून सांगायची, “मामा, ताकद यायला पायजे का नको कोल्हापूरच्या पोरींस्नी?” मग पुढच्या वडाखाली ती गुडघ्यावर ऊस मोडायची आणि मोठा तुकडा माझ्या हातात द्यायची. मी घाटात मागं पडायचे. तेव्हा ती वर जाऊन, वळून, परत खाली यायची, माझ्या बाजूनं चालवत बडबडत राहायची, आणि पुन्हा वर जायची. म्हणजे मी घाट एकदा चढायचे तेव्हा ती दीड वेळा चढलेली असायची. चिडचिड व्हायची माझी. तिच्या बडबडीनं जास्त व्हायची.

गगनबावड्याला एकदा आम्ही पावसात अडकलो. तिथला पाऊस म्हणजे समोरचा माणूस दिसू नये असा. चहाच्या टपरीत भिजल्या कपड्यांनी बसलो होतो. बशीतला चहा फुंकत ती अचानक गप्प झाली. ती गप्प होणं म्हणजे काहीतरी गंभीर. मग म्हणाली, “चष्मा, मला पाठीवर महाराष्ट्र लिवलेला शर्ट पायजे. एकदाच. मग मेलो तरी चालतंय.” राज्याच्या संघातून राष्ट्रीय शर्यतीला जायचं, हे तिचं एकच मागणं होतं. बाकी तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा तीच पाजायची.

त्या वर्षी आमच्याकडे महिलांची मोठी शर्यत ठरली. रंकाळ्यापासून गगनबावड्याच्या रस्त्यानं साळवणपर्यंत जायचं आणि परत रंकाळ्याला यायचं. बक्षिसं होती, पण आम्हाला त्यांचं काही नव्हतं. या शर्यतीतून फक्त पहिली येणारी मुलगी राज्याच्या संघात जाणार होती. आणि तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. हुपरीचं एक स्थळ तिला बघून पसंत करून गेलं होतं. घर चांगलं, चांदीचे पैंजण घडवणारं, मुलगा निर्व्यसनी. आईला हे स्थळ सोडवत नव्हतं. आबांनी मध्ये पडून तोड काढली. आई सगळ्यांसमोर म्हणाली, “ह्या शर्यतीत पयली आली तर दोन वरसं मी लग्नाचं नाव काढणार न्हाय. न्हाय आली तर मुकाट बोहल्यावर उभं ऱ्हायाचं.” ती लगेच म्हणाली, “ठरलं.” जणू काही ऊस कुठल्या ट्रॉलीतून ओढायचा एवढंच ठरवायचं होतं.

आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा आबा अंगणात पाट घेऊन बसले होते. सायकल उलटी उभी केलेली. चेन काढून, रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, ते ती पुन्हा बसवत होते. कुणाला हात लावू देत नव्हते. मधूनच चाक फिरवून, कान लावून आवाज ऐकत होते. ती उंबऱ्यावर बसून नखं कुरतडत होती. तिला नखं कुरतडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शर्यतीचं सगळं सांगत बसत नाही. जाताना वारा समोरून होता, काही मुली कळे गावापर्यंतच मागं पडल्या. परतीच्या वाटेवर आम्ही तिघीच पुढं उरलो: ती, सांगलीची एक अबोल मुलगी आणि मी. मी म्हणजे नुसती तिच्या मागच्या चाकाला चिकटून आलेली. शर्यतीतसुद्धा तिचं तोंड चालूच होतं. “चष्मा, सोडू नगंस. हितं वारा कमी हाय, हिकडं ये.” बालिंग्याचा पूल ओलांडला आणि तिनं मागं वळून आम्हा दोघींकडे एकदा बघितलं, मग सीटवरून उठून पायडलांवर उभी राहिली आणि गेली. आम्ही बघतच राहिलो. फुलेवाडी येईपर्यंत तिच्यात आणि सांगलीच्या मुलीत चांगलंच अंतर पडलं होतं. मी आणखी थोडी मागं. ती जिंकणार यात मला शंका उरली नव्हती आणि मला रडू यायला लागलं होतं, आनंदानं.

आता इथं आमच्या गावाची एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापुरात काहीही जिंकलं की गुलाल पडतो. फुटबॉलचा सामना असो, निवडणूक असो, कुस्ती असो. अंगावर गुलाल पडला की समजायचं, झालं, जिंकलो. हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. त्या दिवशी सगळी शिवाजी पेठ रस्त्यावर आली होती. हलगी होती, बांबूची कापड लावलेली कमान होती, कमानीवर तिचं नाव होतं. शर्यत संपायची जागा म्हणजे पाहुण्यांच्या मांडवासमोर रस्त्यावर चुन्यानं मारलेली पांढरी रेघ. पण मांडवाजवळ कमान उभी करायला जागाच मिळाली नाही. म्हणून पेठेनं ती बरीच अलीकडे उभारली. कमान कुठं का असेना, पोरगी जिंकल्याशी मतलब, असा सगळा विचार. रेघेपर्यंत दम धरायचं कुणालाच सुचलं नाही. मला त्या माणसांचा अजूनही राग येतो, आणि राग येतो तेव्हा त्यांचे ते हसरे चेहरेही आठवतात.

ती कमानीत शिरली. आबा फेटा बांधून सगळ्यांत पुढं उभे होते. पहिली मूठ त्यांनी उधळली. मग पोतंच्या पोतं रिकामं झालं. हलगी कडाडली. त्या गुलाबी ढगातून मला ती दिसली: डोळे मिटलेले, पाठ ताठ झालेली, दोन्ही हात हँडलवरून उचलून आभाळाकडे गेलेले. आणि पाय थांबलेले.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “मार! मार की पायडल!” हलगीपुढं माझा आवाज कुठला ऐकू जाणार. सांगलीची मुलगी मान वर न करता, ढगाच्या कडेनं, सरळ निघून गेली. तिनं रेघ ओलांडली. गुलालातून बाहेर पडल्यावर हिला पुढं मांडव दिसला, रेघ दिसली, रेघेपलीकडची सायकल दिसली. हिनं पुन्हा पाय मारले, पण मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी तिसरी आले. सायकल टाकून तिला शोधत मांडवाच्या मागं गेले. पाण्याच्या टँकरच्या आडोशाला ती उकिडवी बसली होती. गुलालानं माखलेल्या बोटांनी ती सायकलची चेन पुढच्या दातेरी चाकावरून खाली ओढत होती. चांगली बसलेली चेन होती ती. सहजी निघत नव्हती. निघाली तेव्हा बोटं काळी झाली होती. तिनं वर बघितलं, मी दिसले. तेवढ्यात पेठ धावत आली. पुढं आबा, फेटा सुटलेला.

“काय झालं गं पोरी? थांबलीस का?”

“चेन पडली, आबा.” काळे हात तिनं पुढं केले.

पेठेचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. चेन पडली! मग काय करणार? नशीबच खोटं. लोकांनी तिच्या पाठीवर हात फिरवले, चेनीला आणि सांगलीच्या मुलीला शिव्या घातल्या. आबा मात्र काही बोलले नाहीत. ते खाली बसून त्या लोंबणाऱ्या चेनीकडे बघत राहिले. त्यांचं गप्प बसणं त्या गोंधळात माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. तिलाही लागला नसावा.

परत येताना मी म्हटलं, “चेन पडली नव्हती.”

“गप की,” ती म्हणाली. “आख्खी पेठ नाचत हुती माझ्यासाठी. त्यास्नी काय सांगू? तुमीच घालवलं म्हणून?” मग बराच वेळ आम्ही सायकली हातात धरून चालत राहिलो. तिच्या केसांतून गुलाल झडत होता.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तिनं शब्द दिला होता, एकदाही कुरकुर केली नाही. अक्षता टाकताना मीच रडले. तिनं मुंडावळ्यांतून मला डोळा मारला. सायकल तालमीच्या माडीवर खुंटीला टांगली गेली.

मी पुढं शाळेत शिक्षिका झाले. कधीमधी हुपरीला तिच्याकडे जायचे. घरातच कारखाना, ती पाटावर बसून पैंजणाच्या कड्या जोडत असायची, शेजारी पोरगं लोळत असायचं. “माणूस चांगला हाय,” नवऱ्याबद्दल ती त्याच्यासमोरच सांगायची, “फकस्त सायकल लई हळू मारतो.” तोही हसायचा. साडीचा पदर खोचून ती नवऱ्याच्या जुन्या सायकलवरून बाजारात जायची आणि गल्लीत सगळ्यांना सरका म्हणायची. सुखी होती का, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, होती. पण राष्ट्रीय शर्यतीची बातमी पेपरात आली की तो पेपर ती न वाचता घडी घालून ठेवायची, हेही मी बघितलं आहे.

इकडे आबा बदलले होते. मल्लखांबाला स्वतः तेल लावणारे, मुलांच्या लंगोटाच्या गाठीसुद्धा तपासणारे आबा आता कुठल्याच गोष्टीला हात लावेनासे झाले. कुणी काही बांधायला, आवळायला आणलं की म्हणायचे, “माझ्या हातनं नगं. दुसऱ्याकडनं बघून घे.” लोक म्हणायचे, वय झालं. मीही तसंच म्हणायचे.

दोन हजारचं दशक अर्धं सरलं असेल. आबांच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली. मी भेटायला गेले त्याच दिवशी ती हुपरीहून आली होती. पलंगाच्या पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होती आणि नेहमीसारखी बडबडत होती. आबांनी चांगला हात उचलून तिला थांबवलं. बोलणं तुटक होतं, पण कळत होतं.

“पोरी, एक बोलायचं ऱ्हायलंय. ती चेन... मीच बसवलीती. माझ्या हातनं ढिली ऱ्हायली. तुझं समदं माझ्यापायी गेलं.”

तिचे हात त्यांच्या पायांवर थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं! पेठेला वाचवायला तिनं जे सांगितलं होतं, ते या एका माणसाच्या उरावर बसलं होतं. आणि आता खरं तरी काय सांगणार? चेन पडली नाही म्हटलं की कारण म्हणून गुलालच उरत होता. त्याची पहिली मूठ कुणाची होती, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

“आबा,” ती म्हणाली, “चेन पडलीच न्हवती.”

आबांनी उशीवरून मान उचलली.

“मी दमलतो. पाय संपलं माझं. मागनं ती यायली, मला हलवंना. पेठंसमोर सांगायची लाज वाटली, म्हणून मी माझ्या हातानं चेन काढली. हिला इचारा, हिनं बघितलंय.”

आबांचे डोळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “होय आबा. मी बघितलंय. तिनं हातानंच काढली.”

ते पुन्हा तिच्याकडे वळले. “दमलतीस?”

“व्हय.”

“मग तवाच सांगायचं न्हाईस व्हय गं, गाढवे!” त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “दमल्याची कसली लाज? पैलवान काय दमत न्हाय व्हय? येवढी वरसं मी माझ्या हाताला...”  ती त्यांचं तोंड पुसत, “चुकलं आबा, चुकलं,” म्हणत राहिली. त्या दिवशी आबा वाटीभर पेज जेवले. घरातली माणसं म्हणाली, आठवडाभरात असं जेवले नव्हते.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. हुपरीची गाडी अजून लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. 

“तू दमली नव्हतीस,” मी म्हटलं. “मी मागनं बघत होते.”

“म्हाईत हाय की.”

“राग येतो का गं अजून?”

“कुणाचा? आबा नाचत हुतं गं. त्यास्नी मी कवा नाचताना बघितलं न्हवतं. मला वाटलं, झालं. जिंकलो.” तिनं पदर तोंडावरून फिरवला. “खरंच दमलो असतो न्हवं चष्मा, तर येवढं वाईट वाटलं नसतं.”

मी तिची पिशवी उचलली. गाडी लागली. ती चढली, खिडकीशी जागा धरली, पदर डोळ्यांना लावला, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं तो काढला नाही.